राज्यशास्त्राचा तास

आमच्या वेळी हिशेब सरळ होता. दहावीला भरपूर गुण पडले की सायन्स, बरे पडले की कॉमर्स आणि उरलेल्यांनी आर्ट्स. त्यातही राज्यशास्त्र घेतलं म्हटलं की पाहुणे हमखास विचारत, "काय, आमदार व्हायचंय का?" मी घेतलं ते भूगोलाचे नकाशे टळावेत म्हणून.

आमचं बारावीचं वर्ष मात्र नशिबाने १९८९-९० निघालं. मार्च ८९ मध्येच ६१वी घटनादुरुस्ती लागू होऊन मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं होतं. वर्गात वय भरलेले कोण, तर गटांगळ्या खात बारावीपर्यंत पोचलेले मागच्या बाकावरचे. त्यांना एकदम भाव आला. सर म्हणाले, "वर्गात मतदार हेच. बाकी तुम्ही सगळे नुसती जनता." नोव्हेंबरात त्यांनी शाई लागलेलं बोट आठवडाभर मिरवलं.

निकाल लागल्यावरचा तास अजून डोळ्यांसमोर आहे. सरांनी फळ्यावर आकडे लिहिले: काँग्रेस १९७, जनता दल १४३, भाजप ८५, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष मिळून ४५. आसामात मतदान झालं नव्हतं, म्हणून एकूण जागा ५२९. मग खडू मागच्या बाकावरच्या एका मतदाराच्या हातात दिला. "हं, बनव सरकार." त्याने १९७ भोवती झोकात गोल काढला. "बहुमत किती?" २६५. गोल पुसला गेला. मग १४३, ८५ आणि ४५ ची बेरीज केली, २७३ आले. पण भाजप आणि डावे एका सरकारात बसणार कसे? बसणार नाहीत, दोघेही बाहेरून पाठिंबा देतील, हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला ती चक्क पळवाट वाटली. सरांनी कलम ७५ वाचून दाखवलं. पंतप्रधान राष्ट्रपती नेमतील आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार राहील. आधी कोणाला बोलवायचं याबद्दल अवाक्षर नाही. राष्ट्रपती वेंकटरामन यांनी आधी राजीव गांधींनाच विचारलं. ते नको म्हणाले, तेव्हा जनता दलाच्या व्ही. पी. सिंगांना बोलावणं गेलं आणि २ डिसेंबरला शपथविधी झाला.

बोर्डाच्या पेपरात यातलं काहीही आलं नाही. 'राष्ट्रपतींचे अधिकार स्पष्ट करा' हा ठरलेला प्रश्न आला आणि गाईड पाठ केलेल्यांनी तो मुद्देसूद लिहिला. सरांना गाईडचा मनस्वी राग, पण गुणांच्या बाबतीत गाईडचंच खरं ठरलं.

पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी ओघाने आलीच. केंद्राध्यक्ष म्हणून मतदानाआधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र नीट चालतंय का हे बघण्यासाठी लुटुपुटुचं मतदान, घ्यावं लागतं, किमान ५० मतांचं. भल्या सकाळी उमेदवारांचे प्रतिनिधी जांभया देत म्हणतात, "गुरुजी, उरका की, दहा-वीस टाकली तरी चालतंय." मी पन्नासच्या पन्नास टाकायला लावतो, यंत्रातला आकडा व्हीव्हीपॅटमधून छापून पडलेल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघतो, यंत्र क्लिअर करून शून्य सगळ्यांना दाखवतो आणि मगच सील लावतो.