बंडीभर संत्री आणि धातूची काच

मी मोर्शी तालुक्यातल्या आपल्या शाळेत आठवीला होतो. आंबिया बहाराचा तोडा सुरू होता, बांधावर बंड्या भरत होत्या. विज्ञानाच्या सरांनी वर्ग शेजारच्या बगीच्यात नेला आणि दोन सारखी खोकी मागून घेतली. एकात आम्ही संत्री थरावर थर रचली, खालच्या खळग्यात वरचं. दुसऱ्यात टोपलंच पालथं केलं. मोजली, तर ओतलेल्या खोक्यात कमी मावली होती. "काऊन रे?" सरांनी विचारलं. उत्तर मात्र दिलं नाही.

त्या उत्तराच्या मागे माझी पंधरा वर्षं गेली, आणि फार आनंदात गेली. मी धातूच्या काचेवर संशोधन करतो. सोन्यातले अणू रचलेल्या संत्र्यांसारखे बसतात. ७४ टक्के जागा भरते. सारखे गोळे नुसते ओतून हलवले, तर सुमारे ६४ टक्के. १९६० साली कॅलिफोर्नियात पॉल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉनचा वितळलेला रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या झपाट्याने थंड केला. अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. धातू घट्ट झाला, पण आतली मांडणी रसाचीच राहिली. हीच धातूची काच.

हीच जोडी का, तेही सुंदर आहे. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, सिलिकॉन १४१४ ला. पण पाच अणूंमागे साधारण एक सिलिकॉनचा मिसळला की रस ३६३ अंशांपर्यंत पातळ राहतो. स्फटिक बनण्याचा धोक्याचा टप्पा त्यामुळे आखूड होतो. पुढे ही काच तापवली, तर अणू संधी साधून स्फटिक होतातच.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो. अंगणात एका संत्र्याभोवती बारा संत्री काड्या टोचून बसवली. धातूच्या काचेत अणूंचे असे पंचकोनी घोळके, म्हणजे बाहेरच्या प्रत्येकाला बाहेरचेच पाच शेजारी, जागोजागी सापडतात, पण ते एकाला एक जोडून सगळी जागा भरता येत नाही, म्हणून त्यांचा स्फटिक वाढत नाही, असं मी सांगत होतो. सर मात्र बाहेरच्या संत्र्यांमधल्या फटींत बोट घालून पाहत होते.

"मधलं बदल ना बाबू. थोडं लहान घे."

घेतलं. फटी मिटल्या. वेगवेगळ्या आकारांचे अणू मिसळले की काच सहज का होते, हे मी त्यांना अजून सांगितलंही नव्हतं.