धाब्यावरचा हॉटस्पॉट, माजघरातला लॅपटॉप

मे महिन्यातल्या एका दुपारी अमळनेर तालुक्यातील एका गावाहून नानांचा फोन आला. पुण्यात नोकरी करणारी त्यांची सून सुट्टीपुरती गावी आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑनलाइन बैठकीत आपले काम सादर करायचे होते आणि इंटरनेट मात्र घराच्या धाब्यावरच, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच, मिळत होते. दुकान सहकाऱ्यावर सोपवून मी भर उन्हात निघालो.

घर जुने, मातीच्या भिंतींचे. भिंती हातभराहून जाड, वर लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. मोबाइलला रेंज होती ती फक्त जिन्यावरच्या छोट्या खोलीच्या खिडकीत. सुनेने तिथे जुना फोन ठेवून हॉटस्पॉट चालू केला होता, पण त्याचे वायफाय खाली माजघरात उतरत नव्हते. त्यामुळे पारा 44-45 अंशांवर असताना ती बिचारी लॅपटॉप घेऊन वरच बसत असे.

कोणा नातेवाइकाने त्यांना मोबाइलचा बूस्टर मागवायला सांगितले होते. परवानगीवाचून असा बूस्टर बसवणे आपल्या देशात बेकायदा आहे आणि त्यामुळे आसपासच्या लोकांच्या रेंजमध्येही बिघाड होतो, हे मी आधी समजावले. मुळात त्यांना रेंज वाढवायची नव्हतीच. वर आलेले इंटरनेट खाली आणायचे होते. नानांनीही एक अट घातली : "भाऊ, भीतले भोक पाडानं नही, मन्हा आजानी बांधेल शे ती." (भिंतीला भोक पाडायचे नाही, माझ्या आजाने बांधलेली आहे ती.) नाना एके काळी अमळनेरच्या तेल कारखान्याला भुईमूग घालत. 1945 मध्ये त्याच कारखान्यातून विप्रो सुरू झाली, त्यामुळे सुनेची संगणकावरची नोकरी त्यांना परकी वाटत नव्हती. भिंतीचा प्रश्न मात्र वेगळा होता.

घरातल्या अडगळीत दूरध्वनीच्या तारेवर चालणारा जुना ब्रॉडबँड मॉडेम सापडला. त्यात वायफाय होते. दुसरा एक साधा राउटर आणि लॅन केबलचे वेटोळे मी दुकानातल्या जुन्या सामानातून नेले होते. राउटरमध्ये 'विस्प' नावाची सोय होती, म्हणजे तो इंटरनेट तारेऐवजी दुसऱ्या वायफायवरून घेऊ शकत होता. हाच राउटर जिन्यात ठेवून त्याच्याकडून वायफाय पुढे पाठवण्याचा विचार सुचतो, पण राउटरमधला एकच रेडिओ, म्हणजे लहरी घेणारा-सोडणारा भाग, ऐकणार आणि तोच पुन्हा बोलणार असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय मातीचा तो थर मध्ये होताच. म्हणून फोन ते राउटर एवढे हातभर अंतर हवेतून आणि धाब्यापासून माजघरापर्यंतचे अंतर तारेतून, असे मी ठरवले. तार नेण्यासाठी माजघराच्या छताचा झरोका आयताच होता. शंभर मीटरपर्यंत लॅन केबलला अडचण येत नाही, इथे तर त्याच्या पाव भागानेही काम भागले.

राउटरला हॉटस्पॉटचे नाव प्रथम दिसेचना, कारण फोन 5 गिगाहर्ट्‌झवर प्रक्षेपण करत होता आणि राउटरला फक्त 2.4 चा बँड, म्हणजे वायफायची दुसरी लहरपट्टी, कळत होता. फोनचा बँड बदलला तेव्हा नाव दिसले, पण जोडणी होईना. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-3 वरून डब्ल्यूपीए-2 वर आणली तेव्हा ती झाली. कोणी जोडलेले नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाकली, नाहीतर वीज गेली की पुन्हा कोणीतरी वर धावणार.

मॉडेमचा अडॅप्टर हरवला होता. अशा वेळी हाती येईल तो अडॅप्टर खुपसण्याची घाई अनेकांना महागात पडते. मॉडेमच्या पाठीवर 12 व्होल्ट लिहिले होते. व्होल्ट तेवढेच असावे लागतात, पिनेची धन-ऋण बाजू जुळावी लागते, अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. तसा एक अडॅप्टर माझ्या पेटीत निघाला. राउटर आणि मॉडेम या दोघांचाही पत्ता 192.168.1.1 असल्याने मॉडेमचा पत्ता बदलून शेवटी 2 केला, जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद केले आणि तार त्याच्या लॅन भोकात जोडली. आता तो केवळ वायफाय देणारा डबा उरला. वरचा राउटर फोनच्याच चॅनेलवर, म्हणजे 6 वर होता, म्हणून दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत यासाठी खालच्याला 11 दिला.

सर्वांत त्रास फोनच्या तापण्याने दिला. चार्जिंगला लावलेला फोन खिडकीत इतका तापे की हॉटस्पॉट आपोआप बंद पडे. शेवटी तो खिडकीशेजारच्या मातीच्या कोनाड्यात ठेवला, जिथे रेंज एका काडीने कमी झाली, पण फोन निवला. लहरी अडवणारी तीच माती इथे उपयोगी पडली.

माजघरात सुनेने पुण्यातल्या सहकाऱ्याशी चाचणीसाठी व्हिडिओवर बोलून पाहिले, तेव्हा चित्र अडखळले नाही. एक गोष्ट मात्र राहिली होती. लॅपटॉप थेट हॉटस्पॉटला जोडलेला असताना ही जोडणी मोजक्या डेटाची आहे हे कधी कधी ओळखून अपडेट थांबवतो. मध्ये राउटर आल्यावर त्याला ते कळत नाही आणि दिवसाचा डेटा पहाटेच संपू शकतो. तेव्हा त्या वायफायला लॅपटॉपमध्ये 'मीटर्ड' अशी खूण हाताने लावली, ओसरीवर यूट्यूब लावून बसलेल्या दोन नातवंडांच्या फोनची जोडणी तोडून पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड फक्त सुनेला लिहून दिला.