फणसाची फळी

गावच्या घरामागचा फणस वादळात पडला, तेव्हा त्याची एक फळी मी हट्टाने ठेवून घेतली होती. दोन वर्षं माळ्यावर सुकली. आज भिंतीवर लावायला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा लाकूडकाम केलं.

आधी ८० नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी सगळ्यात बारीक २२०. सुरुवातीला आडवं घासलं आणि ओरखडे उठले. शेजारचे सुतारकाका म्हणाले, "अगं, लाकडाच्या रेषांच्या बाजूने हात चालव." ते ओरखडे काढण्यात तास गेला. साल छिन्नीने सोलली, तिच्याखाली कीड राहते. कडेचा वाकडेपणा मात्र मुद्दाम तसाच ठेवला.

मग जवसाचं तेल. फडकं फिरवलं आणि फिकट पिवळं लाकूड एकदम मधासारखं झालं, गाठीभोवतीचं प्रत्येक वळण वर आलं. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. जास्तीचं तेल पुसून घेतलं. (तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका हं, आपोआप पेटू शकतात. मी दोरीवर मोकळी वाळत घातली.)

पूर्ण वाळायला अजून काही दिवस लागतील. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "आजीच्या पाटासारखीच दिसते गं ही!"