मॉडची गणितं, घमेलं आणि जळगाव पॅसेंजर

मॉडचं गणित दिसलं की मी ते सोडून पुढे पळायचो. कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास सुरू करून चार महिने झालेले, टक्केवारी, काळ-काम-वेग सगळं बऱ्यापैकी बसलेलं, पण दोन उभ्या दांड्यांच्या मधे क्ष दिसला की हात थांबायचा. गंमत म्हणजे हेच मला नववीत येत होतं. मी मराठी मिडियमवाला, बालभारतीच्या पुस्तकात वास्तव संख्यांच्या धड्यात केवलमूल्य होतं, ऋण संख्येचं चिन्ह काढून टाका एवढंच काय ते, आणि व्हिडिओतले सर मॉड मॉड म्हणतात ते आपलं केवलमूल्यच आहे हे माझ्या डोक्यात शिरायला एक आठवडा गेला. (एक्सला क्ष आणि वायला य लिहितोय, शाळेपासूनची सवय आहे, चालवून घ्या.)

पहिला दणका मॉक टेस्टमधे बसला. |क्ष − ३| = २क्ष, उत्तरं किती ते टाइप करा. मी शिकवल्याप्रमाणे दोन केस केल्या. एक, क्ष − ३ = २क्ष, म्हणजे क्ष = −३. दुसरी, ३ − क्ष = २क्ष, म्हणजे क्ष = १. झाली की दोन उत्तरं, टाकलं २ आणि वर खुश. बरोबर उत्तर होतं १. कारण −३ परत टाकून बघा, डावीकडे ६ येतात आणि उजवीकडे −६, आणि मॉड कधी मायनस होतच नाही. टाइप करायच्या प्रश्नाला कॅटमधे निगेटिव्ह नसतं म्हणून मार्क कापला गेला नाही, पण वेळ गेला तो गेलाच, क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, मिळतात किती तर ४० मिनिटं.

मग मी ठरवलं की प्रत्येक उत्तर परत टाकून बघायचं. हे बरोबरच आहे हो, पण दोन मॉड आले की तीन केस, तीन आले की चार केस, प्रत्येकात क्ष कुठून कुठपर्यंत ते लिहा, सोडवा, उत्तर त्या टप्प्यात बसतं का बघा, आणि एवढं करून शेवटी एक चिन्ह चुकलेलं असायचं. वहीचं पान भरायचं आणि मार्क शून्य.

मी अमळनेरचा. अभ्यासिका जळगावात लावलेली, त्यामुळे रोज सकाळची पॅसेंजर, तासाभराचा प्रवास, जागा मिळाली तर वही उघडायची नाहीतर दारात उभं राहायचं. डब्यात एक दादा भेटायचा, गणितात एमएस्सी केलेला, एका क्लासवर शिकवायला जायचा. धरणगाव गेल्यावर त्याने माझ्या वहीत डोकावलं, तिथे |क्ष − २| + |क्ष − ५| = ७ वर मी अर्धं पान काळं केलेलं. म्हणला, "काय भो, एवढी मारामारी कशाला? मॉड म्हणजे अंतर. |क्ष − २| म्हणजे तू २ पासून किती लांब आहेस, एवढंच."

मग त्याने रुळावरच गणित घातलं. जळगाव ते भुसावळ २५ किलोमीटर धर. तू मधे कुठंही उतर, जळगावपासूनचं अंतर आणि भुसावळपासूनचं अंतर यांची बेरीज किती? मी म्हणलं २५. आणि अजून थोडं पुढे उतरलो तर? तरी २५च, एकीकडे जेवढं वाढलं तेवढं दुसरीकडे कमी झालं. बरं, बेरीज ३५ पाहिजे असेल तर? आता मधे राहून जमणार नाही, बाहेर जावं लागेल, भुसावळच्या ५ किलोमीटर पुढे नाहीतर जळगावच्या ५ किलोमीटर अलीकडे, कारण बाहेर गेलं की दोन्ही अंतरं एकदम वाढतात, एक किलोमीटर चाललं की बेरीज २ ने वाढते. आणि बेरीज २० पाहिजे असेल तर? "तर जागाच नाही भो, गाडीतून उडी मार."

वहीतलं गणित मग पाळधी यायच्या आत सुटलं. २ आणि ५ च्या मधे बेरीज ३. मला पाहिजे ७, म्हणजे ४ जास्त, बाहेर प्रत्येक पावलाला २ वाढतात म्हणून दोन पावलं बाहेर, उत्तरं ० आणि ७. एकही केस नाही. मी चार महिने काय करत होतो असं झालं मला.

घरी येऊन हेच ग्राफवर काढलं. आलेख म्हणतात शाळेत, पण आता ग्राफच तोंडात बसलंय. डावीकडून उतरती रेघ, २ पासून ५ पर्यंत सपाट तळ ३ च्या उंचीवर, मग चढती रेघ. एकाच पानावर असे सात-आठ काढले, नुसती प्रॅक्टिस म्हणून. माय शेजारी लसूण सोलत बसलेली, म्हणे, "हाई काय काढी ऱ्हायना रे बापू? घमेलं शे का?" मला हसू आलं पण खरंच घमेलंच की ते, सपाट बूड आणि दोन्हीकडे तिरप्या भिंती. तेव्हापासून माझ्यासाठी एक मॉड म्हणजे व्ही आणि दोन मॉडची बेरीज म्हणजे घमेलं. उजवीकडचा आकडा म्हणजे त्या उंचीवर एक आडवी दोरी ताणायची. दोरी बुडाच्या वर असली तर दोन ठिकाणी टेकते, बरोबर बुडावर असली तर अख्ख्या बुडाला टेकते म्हणजे अगणित उत्तरं, आणि बुडाच्या खाली असली तर टेकतच नाही. उत्तरं किती, हा प्रश्न सोडवायच्या आधीच संपतो.

आणि तो पहिला दणका? |क्ष − ३| चा व्ही काढा, टोक ३ वर. २क्ष ची रेघ शून्यातून जाणारी, जास्त उभी. ती व्हीच्या डाव्या हाताला क्ष = १ वर कापते आणि मग वरच निघून जाते, उजवा हात तिला गाठूच शकत नाही कारण त्याचा चढ १ आणि हिचा २. −३ ला तर रेघ अक्षाच्या खाली आहे आणि व्ही खाली कधी जातच नाही. ते खोटं उत्तर ग्राफमधे दिसतच नाही, म्हणून फसायची भीतीपण नाही.

इथे एक आठवण सांगतो. शाळेची सहल पाटणादेवीला गेलेली, चाळीसगावजवळ, तेव्हा सरांनी सांगितलेलं की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने इथे मठ काढला होता, तसा शिलालेखच आहे पाटण्याला. तेव्हा आमचं लक्ष डब्यातल्या पुऱ्यांवर. पण दादाने एक दिवस भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं वानरांचं गणित सांगितलं. टोळीचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून ३ वजा करा, त्याचा वर्ग करा, एवढी वानरं गुहेत गेली, आणि एक बाहेर दिसतंय, तर टोळी केवढी? सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. पण ५ चा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ कसे वजा करणार, उणे दोन वानरं येतात. वर्ग केल्यावर ते मायनस लपून जातं म्हणून ५ समीकरणात बसतं, पण भास्कराचार्यांनी ते घ्यायचं नाही असं सांगितलंय. म्हणजे माझा −३ वाला लोचा आठशे-नऊशे वर्षं जुना निघाला.

आता ग्राफमधे पण मी दोन महिने एक घोळ घालत होतो, तो नीट सांगतो कारण बरेच जण तो घालतात. मॉड पूर्ण समीकरणावर आहे की फक्त क्षवर, यात फरक आहे. |क्ष² − ४क्ष + ३| असेल तर आधी आतला ग्राफ साधा काढायचा, १ आणि ३ ला अक्ष कापणारी वाटी, तळ क्ष = २ ला −१ वर. मग अक्षाच्या खाली जेवढं आहे तेवढं आडव्या अक्षावर कागदाची घडी घातल्यासारखं वर उलटवायचं. मधे १ उंचीचा टेकाड तयार होतो. दोरी ०.५ वर ताणली तर चार उत्तरं, बरोबर १ वर ताणली तर तीन, त्याच्या वर गेली की दोन, आणि ० वर असली तरी दोन. ते तीनवालं परीक्षेत लई आवडीने विचारतात, टेकाडाच्या शेंड्याला दोरी नुसती शिवते ना म्हणून. पण क्ष² − ५|क्ष| + ६ = ० असेल तर घडी वेगळी. इथे उभ्या अक्षाच्या उजवीकडचा भाग तसाच ठेवायचा, डावीकडचा पुसायचा आणि उजवीकडचाच आरशासारखा डावीकडे काढायचा. उजवीकडे २ आणि ३ ला कापतो म्हणून डावीकडे −२ आणि −३, चार उत्तरं. एकात खालचं वर, दुसऱ्यात उजवं डावीकडे. मी हे दोन्ही उलटसुलट करायचो, शेवटी जुन्या पेपरचा कागद खरंच दुमडून बघितला तेव्हा बसलं.

सगळं जमलं असं वाटायला लागलं आणि पुढच्याच मॉकला तोंडावर पडलो. |२क्ष − ६| = क्ष. मी घाईत व्हीचं टोक ६ वर ठेवलं आणि हातांचा चढ नेहमीसारखा १ ठेवला. मग उजवा हात क्षच्या रेघेला समांतर जातो, कापतच नाही, म्हणून उत्तर एक, ३ वर. चूक. आतलं शून्य कधी होतं, क्ष = ३ ला, टोक तिथे. आणि चढ २. म्हणून रेघ दोन्ही हातांना कापते, २ ला आणि ६ ला. ग्राफवर भरवसा ठेवा पण टोक आणि चढ हे दोन आधी तोंडाने म्हणा आणि मगच पेन टेकवा, मी अजूनही पुटपुटतो, अभ्यासिकेतला शेजारचा पोरगा वैतागतो. आणि उत्तरात वर्गमूळं वगैरे येणार असतील तर ग्राफ नुसता सांगतो की किती आणि कुठल्या टप्प्यात, नेमका आकडा त्या टप्प्याचं समीकरण सोडवूनच काढावा लागतो. नुसत्या चित्रावर २.६ का २.७ ठरवायला गेलं की गंडतं.

|क्ष| + |य| = ४ सारखं पण येतं, तो तिरपा चौकोन असतो, पतंगासारखा, दोन्ही कर्ण ८ चे, म्हणून क्षेत्रफळ ३२. हे एकदा काढून बघितलं की पाठ करावं लागत नाही.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटाला असते आणि आमच्याकडे तेव्हा कापूस वेचणी, त्यामुळे मधले पंधरा दिवस पॅसेंजर बंद आणि वही शेताच्या बांधावर. दादाने फोनवर एक गणित दिलेलं, |क्ष − १| + |क्ष − ४| + |क्ष − ९| सगळ्यात कमी कुठे? तीन मॉड असले की घमेल्याचं बूड सपाट राहत नाही, एक टोक येतं, आणि ते मधल्या आकड्यावर, ४ वर, तिथे बेरीज ३ + ० + ५ म्हणजे ८. शेवटचा आकडा ९ च्या जागी ९० असला तरी जागा ४च राहते. मला हे इतकं आवडलं की मी रात्री बाबांना सांगितलं, समजा एका रस्त्यावर तीन भावांची तीन शेतं आहेत, एकच विहीर खणायची आणि तिथून प्रत्येकाला वेगळा पाइप टाकायचा, तर सगळ्यात कमी पाइप लागायला विहीर मधल्याच्या शेतात खणली पाहिजे, तिसऱ्याचं शेत कितीही लांब असू दे. बाबांनी भाकरीचा घास तसाच हातात धरून पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणले, "ते बराबर शे. पन तठे पानी लागाले जोयजे ना!"