माळावरची राणी: तुम्ही विचारलंत म्हणून

गेले दोन हिवाळे मी एका नसलेल्या राज्याचा इतिहास लिहिते आहे. राज्याचं नाव असिनिबॉइया, ठिकाण कॅनडातला गवताळ माळ, काळ १८८२पासून पुढे. ज्यांना वाचायला दिलं ते सगळे फिरून फिरून एकच विचारतात: एवढ्या उजाड माळावर राणी कुठून आणलीस? मामा तर फोनवर म्हणाला, "अगं, आपण राजे घालवले आणि तू तिकडे जाऊन नवे बसवतेस?"

मामा, आणावी लागलीच नाही. ती कागदावर होतीच.

१६७० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा मुलूख एका कंपनीला देऊन टाकला. मुलूख त्याने पाहिलेला नव्हता, तो केवढा आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिथे राहणाऱ्यांना तर कुणी विचारलंच नाही. चुलतभाऊ रूपर्ट कंपनीचा प्रमुख, म्हणून नाव रूपर्टची भूमी. खंडणी मात्र मजेशीर होती. राजा किंवा त्याचा वारस या मुलखात पाऊल ठेवील तेव्हा कंपनीने दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर, म्हणजे पाण्यात राहणारे केसाळ प्राणी, द्यायचे. आलाच नाही तर काही नाही. गादीवरचा राजा पहिल्यांदा आला तो सहावा जॉर्ज, १९३९च्या मे महिन्यात, विनिपेगला. म्हणजे २६९ वर्षांनी. तेव्हा त्याला एल्कची मुंडकी आणि बीव्हरची कातडी दिली. पुढे १९७०मध्ये एलिझाबेथ राणीला तर जिवंत बीव्हर दिले!

मी राहते त्या गावाचं नाव रेजायना, म्हणजे लॅटिनमध्ये राणी. त्याआधी इथले मूळचे क्री लोक या जागेला हाडांचा ढीग म्हणायचे, कारण इथे बायसनची, म्हणजे इथल्या रानगव्यांची, हाडं रचून ठेवलेली असत. १८८२ साली हाडं जाऊन राणी आली, तीसुद्धा नुसती पाटीवर. शेजारच्या अल्बर्टा प्रांताला व्हिक्टोरिया राणीच्या लुईझ या मुलीचं नाव आहे. तिच्या पूर्ण नावात अल्बर्टा येतं. तिचा नवरा लॉर्ड लॉर्न कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. १८८१मध्ये त्याने हा माळ घोडागाडीने पालथा घातला, तेव्हा ती बरोबर नव्हती. पुढच्या वर्षी दोघं पश्चिम किनाऱ्याला गेले ते अमेरिकेतल्या रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला आणि तिथून बोटीने. माळ टाळून, वळसा घालून.

माझ्या गोष्टीत मी फक्त तो वळसा काढून टाकला. लुईझ सरळ माळावर येते आणि परत जात नाही, इथलीच राणी होते. एवढा एक बदल. बाकी इतिहास जसा होता तसाच तिच्या अंगावर सोडला आहे, आणि तो वाईट होता.

१८७६ साली फोर्ट कार्लटनला क्री पुढाऱ्यांशी सहावा करार झाला. करार करणारा सरकारचा माणूस अलेक्झांडर मॉरिस बोलत होता व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. समोरच्यांनी तिला नात्यात धरलं, आई म्हणून. आता आई म्हटलं की हिशेब बदलतो. सरकार पडतं, मंत्री बदलतो, आई बदलत नाही. दुष्काळ पडला तर मदत, औषधाची पेटी, माणशी वर्षाला पाच डॉलर, असं सगळं लिहून दिलं. तीनच वर्षांत कॅनडाच्या माळावरचे बायसन जवळजवळ संपले, लोक उपाशी पडले आणि सरकारने शिध्याचाच चाप लावला: राखीव जागेत जा, मग खायला देतो. आई समुद्रापार. ओरडायचं कुणापुढे?

म्हणून राणी. मला राजेशाहीचं कौतुक नाही, मामा. वचन दिलंय तो माणूस दारात सापडायला हवा होता, एवढंच. माझ्या राज्यात पाच डॉलर वाटायच्या दिवशी राणीने स्वतः बसायचं, प्रत्येकाच्या हातात नोट ठेवायची आणि त्याने काय ऐकवलं ते ऐकून घ्यायचं. खऱ्या कॅनडात त्या पाचाच्या नोटा आजही वाटतात. रक्कमही पाचच.

हे मला सुचलं त्यात आमच्या आटपाडीचाही हात असणार. आटपाडी औंध संस्थानातली. बहात्तर गावांचं ते राज्य, आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ सालीच घटना करून कारभार पंचायतींच्या हाती दिला. इकडे सहावा जॉर्ज एल्कची मुंडकी स्वीकारत होता त्याच वर्षी. आजीच्या बोलण्यात 'महाराज' आले की ते तसबिरीतले नसायचे, औंधाला जाऊन गाठता येतील असे असायचे. आणि माळ म्हणाल तर तो मला परका नाहीच. कुसळं इथेही मोज्यात घुसतात.

राज्य चालतं कसं, हे विचारणारे कमी. पण मला लिहायला मजा तिथे आली. ते मी मेटी लोकांकडून उचललं. मेटी म्हणजे फ्रेंच-स्कॉटिश व्यापारी आणि इथल्या मूळच्या बायका यांच्यातून घडलेला समाज. १८४०च्या त्यांच्या एका शिकारीला १,२१० गाड्या आणि १,६३० माणसं होती. गाड्यांत लोखंडाचा खिळा नाही, सगळं लाकूड आणि कातडं. वंगण घालायचं नाही, कारण धूळ चिकटून आस झिजतो. म्हणून करकर मैलभरावरून ऐकू यायची. निघताना दहा कप्तान निवडायचे. सकाळी झेंडा चढला की वाटाड्याचं राज्य, कप्तानांनीही त्याचं ऐकायचं. झेंडा उतरला, तळ पडला, की वाटाड्याचा अधिकार संपला आणि कप्तानांचा सुरू. हुकमाआधी शिकारीमागे धावलं तर पहिल्यांदा खोगीर आणि लगाम कापून टाकायचे, दुसऱ्यांदा अंगातला कोट. चोराला तळाच्या मधोमध उभं करून त्याचं नाव घेऊन 'चोर' असं तीनदा ओरडायचं. तुरुंग नाही, कचेरी नाही.

माझ्या राणीला राजवाडा नाही, तिची गाडी या तांड्यात असते. झेंडा वर असेपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. खंडणीही मी उलटी केली आहे: माळ सोडून ती जितके हिवाळे बाहेर काढील, तितके बीव्हर तिने द्यायचे.

यावर एका वाचकाने टोचलं, की राणी आली म्हणून माळावर येणारी रेल्वे थांबली असती का? नसती. गोष्टीतही थांबत नाही. जमीन मैलाच्या चौकोनांत मोजणारे साखळ्या घेऊन येतात आणि मेटींच्या नदीकाठच्या लांब पट्ट्या कापत जातात. मी काही तिला जादूची कांडी दिलेली नाही. १८७०च्या कायद्याने मेटी मुलांसाठी चौदा लाख एकर राखून ठेवले होते, त्याची वाट कशी लागली हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २०१३ साली निघालं. तिथे शब्द कोणता वापरला असेल? राजमुकुटाची अब्रू. ती राखायची म्हणजे दिलेला शब्द नेटाने पाळायचा, आणि इथे तसं झालं नाही, असा निकाल. प्रजासत्ताकातून आलेली मी, तो निकाल वाचून चाट पडले. राजा नुसता शिक्क्यापुरता आहे असं म्हणणाऱ्या देशात दीडशे वर्षांनी त्याच्या अब्रूचा पंचनामा होतो!

तर मामा, लिखाण सध्या अडलं आहे ते १८८४च्या जूनमध्ये. खऱ्या इतिहासात मेटींच्या शिकारीचा म्होरक्या गाब्रिएल द्युमाँ तेव्हा मोंटानाला गेला आणि तिथे शाळेत शिकवणाऱ्या लुई रिएलला, मेटींच्या पुढाऱ्याला, घेऊन आला. पुढच्या वर्षी मेटी आणि सरकारी फौज यांच्यात बतोशची लढाई झाली आणि नोव्हेंबरात रिएलला इथे रेजायनात फाशी दिलं. माझ्याकडे द्युमाँ वाटाड्या आहे आणि राणी मागच्या गाडीत. तिला कळलंय तो कुणाला आणायला निघालाय. तिला बोलायचंय. चाकं करकरताहेत, आणि द्युमाँने अजून झेंडा उतरवलेला नाही.