आरव्ही-७ अपडेट: बॅफल्सचं फिनिश एकदाचं ठरलं

मंडळी, आरव्ही-७ या किटमधून स्वतः बांधायच्या छोट्या विमानाच्या बॅफल्सचं (इंजिनभोवती हवा वळवणाऱ्या पत्र्यांचं) कटिंग, फिटिंग, घासाघाशी सगळं उरकलंय, सगळे तुकडे क्लेकोवर (रिव्हेटच्या जागी तात्पुरत्या लावायच्या क्लिपांवर) इंजिनला चढवून बघून झालेत आणि आता पक्के रिव्हेट मारायच्या आधी एकच प्रश्न उरला होता, यांना फिनिश काय द्यायचं. विचारायला गेलं की प्रत्येक बिल्डर वेगळं सांगतो, कोणी म्हणतं तसंच सोड, कोणी म्हणतं पावडर कोट (पूड फवारून भट्टीत भाजायचा रंग) कर मस्त दिसतं, म्हणून मी काय बघितलं आणि शेवटी काय ठरवलं ते सविस्तर लिहितोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. माझं इंजिन लायकमिंग आयओ-३६०, म्हणजे एअर कूल्ड. कावलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) समोरच्या दोन तोंडांतून हवा आत शिरते, इंजिनच्या वरच्या बाजूला तिचा दाब तयार होतो आणि ती सिलेंडरच्या फिन्समधून (गार होण्यासाठी असलेल्या पातळ पात्यांमधून) खाली उतरते. ती फिन्समधूनच जावी, फटींतून पळू नये म्हणून चारही बाजूंनी पातळ पत्रा लावतात तेच बॅफल. पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड, म्हणजे आतला मिश्रधातू तांबं असलेला, मजबूत पण गंजायला हळवा, आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, पातळ शीटमध्ये प्रत्येक बाजूला साधारण जाडीच्या ५ टक्के. हा थर शाबूत असेल तर पत्रा स्वतःच स्वतःला सांभाळतो, त्यामुळे काहीच न लावणं हाही एक खरा पर्याय आहे आणि कितीतरी जुनी विमानं तशीच उडतायत. पण आम्ही राहतो ह्यूस्टनला, बारा महिने दमट हवा आणि गल्फ जवळ, शिवाय फिटिंग करताना पत्र्यावर इतके ओरखडे आलेत की बऱ्याच ठिकाणी तो थर उरलाय की नाही सांगता येत नाही, म्हणून उघडं सोडायचा विचार मी बाजूला ठेवला.

रंगामुळे कूलिंगवर परिणाम होतो का हे सगळेच विचारतात. माझं मत, काळजी करू नका. उष्णता नेते ती फिन्समधून जाणारी हवा, पत्रा काळा का पांढरा याने सिलेंडर हेड टेंपरेचरमध्ये दिसण्यासारखा फरक पडायचं कारण नाही. लायकमिंगची मर्यादा ५०० फॅरनहाइट (२६० सेल्सिअस) आहे, पण बहुतेक जण क्रूझमध्ये ४०० च्या खाली ठेवतात, आणि ते जमतं फटी बुजवल्याने. उलट ३ नंबर सिलेंडरच्या मागे बॅफल हेडला इतका चिकटतो की तिथल्या उथळ फिन्समधून हवाच जात नाही, मग तिथे वॉशर टाकून पत्रा थोडा मागे घ्यायचा. मीही घेतलाय. रंगापेक्षा त्या एका वॉशरचा फायदा जास्त.

आता पावडर कोट. दिसायला एक नंबर, पण माझ्या मनातून उतरला दोन कारणांनी. एक म्हणजे तो भाजायला साधारण ४०० फॅरनहाइट लागतं, आणि टी३ टेंपर ही खोलीच्या तापमानाला मुरलेली असते, तिला तेवढी भट्टी दाखवली की धातू आतून बदलायला लागतो आणि गंजाला जास्त हळवा होऊ शकतो. बॅफल स्ट्रक्चरल नाहीत त्यामुळे विमान काही पडणार नाही, पण हा पत्रा रोज थरथरणार आहे. दुसरं आणि मोठं कारण, थर जाड आणि चिवट असतो. बॅफल हा इंजिनवर नेहमी तडकणारा भाग, त्यातही ४ नंबरच्या मागे जिथे ऑइल कूलर लटकतो तो कोपरा. खालच्या पत्र्याला बारीक तडा गेला तरी वरचा जाड थर तसाच अखंड राहू शकतो, मग दरवर्षीच्या कंडिशन इन्स्पेक्शनला टॉर्च मारून काय बघणार? शिवाय बोल्टच्या वॉशरखाली जाड कोट असला की तो कालांतराने दबतो आणि टॉर्क ढिला पडतो. आमच्या एअरपोर्टवरचे एक रिटायर्ड मेकॅनिक बॅफल हातात घेऊन पहिल्यांदा कडांवरून नख फिरवतात, तडा शोधायची त्यांची पद्धत. त्या नखाला धातू लागला पाहिजे.

अ‍ॅनोडाइझ (विजेने धातूवर चढवलेला ऑक्साइडचा थर) नको म्हटलं कारण तो कडक थर फटीगला, म्हणजे सततच्या थरथरीने येणाऱ्या तड्यांना, वाईट. अ‍ॅलोडाइन (गंजरोधक रासायनिक लेप) चांगलं आहे पण त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हे विषारी रसायन, आणि गॅरेजमध्ये पोरं ये-जा करतात, ते सांडपाणी मला घरात नको.

मग उरले रंग. उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर ट्राय केलं, जेवणाशी संबंध नसलेल्या एका जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजल्या, इंजिन ऑइलमध्ये बुडवल्या, हंड्रेड लो लेडने (विमानाच्या पेट्रोलने) पुसल्या आणि शेवटी व्हाइसमध्ये धरून वाकवल्या. स्प्रे कॅनवाला इंजिन इनॅमल उष्णतेला पक्का निघाला, पण नीट भाजलेला नसला की पेट्रोलच्या बोळ्यावर रंग उतरून येतो, आणि मागचा मोठा बॅफल माझ्या ओव्हनमध्ये मावत नाही. इपॉक्सी प्रायमरवर टू-पार्ट पॉलियुरेथेन, ३०० फॅरनहाइटला जेमतेम पिवळसर झाला आणि वाकवल्यावरही सुटला नाही, ४०० ला मात्र तपकिरी पडून वाकाच्या रेषेवर टवके निघाले. बॅफलचा बहुतेक भाग आत येणाऱ्या गार हवेत असतो, हेडला टेकणाऱ्या कानांनाच खरी झळ लागते, तेव्हा हाच घ्यायचा आणि ते कान उघडे ठेवायचे असं ठरवलं.

प्रोसेस अशी केली. कडा फाइलने गोल करून घासून चकचकीत केल्या, कोपऱ्यांना रेडियस दिला. मार्किंगला फक्त मार्कर, शिसपेन्सिल अजिबात नाही, ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमवर राहिलं की तिथूनच गंज खातो. मग मरून स्कॉच-ब्राइट घासणीने पत्रा हलका घासला आणि डिटर्जंटने धुतला. धुतल्यावर पाण्याकडे नीट बघा: पत्रा उभा धरल्यावर पाण्याचा पातळ पडदा अख्ख्या पत्र्यावर सलग उभा राहिला तर साफ, कुठे थेंब जमून कोरडं बेट उघडं पडलं तर तिथे अजून तेल आहे, परत धुवा. मी बोटाचे ठसे असे बेटांच्या रूपात बघितलेत, अगदी पाचही बोटं मोजता येतात. त्यानंतर नायट्राइल ग्लोव्ह्जशिवाय हात लावायचा नाही.

प्रायमर इतका पातळ मारलाय की खालचा पत्रा किंचित झळकतो, त्यावर फिकट राखाडीचा एकच ओला कोट. मास्क केलेल्या जागा म्हणजे बोल्टच्या वॉशरखालचा भाग, हेडला टेकणारे कान आणि जिथे आरटीव्ही (फटी बुजवायचं सिलिकॉन) भरायचा त्या पट्ट्या, कारण आरटीव्ही रंगाला धरला आणि रंग सुटला तर दोन्ही गेले. आरटीव्ही न्यूट्रल क्युअरचा घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारा घेऊ नका, त्यातून सुटणारं आम्ल उघड्या धातूला चांगलं नाही. आणि पॉलियुरेथेन मारताना आयसोसायनेटसाठी (त्यातल्या घातक रसायनासाठी) सप्लाइड एअर मास्क, म्हणजे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा, लागतोच लागतो, साध्या कार्ट्रिजवर भागवू नका, ही माझी हात जोडून विनंती समजा.

फिकट राखाडीच का, तर तेल गळलं की तपकिरी ओघळ लगेच दिसतो आणि तड्यात मळ बसला की काळी रेघ उठून दिसते. शुद्ध पांढरा उष्णतेने पिवळा पडू शकतो आणि मग पिवळेपणा कुठला आणि तेल कुठलं कळत नाही. ऑइल कूलरच्या कोपऱ्यात मागून डबलर (मजबुतीसाठी जोडपत्रा) लावलाय, आणि त्याच्या कडेने बोटभर पट्टी मुद्दाम रंगवली नाही, तिथे मला थेट धातू बघायचाय.

आता रंग पूर्ण कडक होईपर्यंत आठवडाभर हात लावणार नाही, मग रिव्हेटिंग आणि मग रबर सील. सिलिकॉनच्या पट्ट्या कावलिंगच्या घुमटाला कुठे स्लिट मारून बसवल्या की सुरकुती न पडता दाब धरतात, याचे फोटो कोणाकडे असतील, खास करून समोरच्या तोंडांच्या आतल्या कोपऱ्याचे, तर पाठवा प्लीज.