कळसूबाईचा पिक्सेल

मॅपझेन आठवते का कुणाला? 2013 साली सॅमसंगच्या पैशावर उभी राहिलेली न्यूयॉर्कची कंपनी. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या डेटावर नकाशे, पत्ताशोध, रस्ता काढून देणं, सगळं करायची आणि कोड उघडा ठेवायची. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या नकाशाचा डोलारा तिच्याच एपीआयवर (इंटरनेटवरून मागवायच्या सेवेवर) होता. जानेवारी 2018 उजाडला आणि त्यांनी जाहीर केलं: महिनाअखेर दुकान बंद. फुकट वापरणाऱ्यांनी कुरकुरायचं कशाला? तरी कुरकुरलोच.

पण कोड कुठेही गेला नाही. रस्ता शोधणारं ‘वलहल्ला’ घ्या. त्याच्या भागांना नॉर्स देवांची नावं: थॉर वाट काढतो, ओडिन ‘डावीकडे वळा’ सांगतो (नावं देणाऱ्याला हौस दांडगी!). ते लिहिणारी मंडळी मॅपबॉक्स या नकाशाच्याच दुसऱ्या कंपनीत गेली, पत्ता शोधणाऱ्या ‘पेलियास’वाल्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली आणि 2019 मध्ये लिनक्स फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेने मॅपझेनला खुला प्रकल्प म्हणून आपल्या पंखाखाली घेतलं.

माझा जीव मात्र उंचीच्या टाइल्सवर, म्हणजे जमिनीची उंची सांगणाऱ्या नकाशाच्या चौकोनी तुकड्यांवर. ॲमेझॉनच्या खुल्या डेटासाठ्यात त्या अजून आहेत. दिसायला साधं पीएनजी चित्र, पण उंची प्रत्येक पिक्सेलच्या (ठिपक्याच्या) रंगात भरलेली. लाल गुणिले 256, त्यात हिरवा, त्यात निळ्याचा 256 वा भाग मिळवायचा आणि 32768 वजा करायचे, की मीटर हातात. लाल 134, हिरवा 110, निळा शून्य: 1646. कळसूबाई!

खऱ्या टाइलमध्ये मात्र शिखराचा आकडा थोडा कमीच भरतो. मूळ मोजणी 2000 सालच्या अंतराळयानातल्या रडारची, साधारण 30 मीटरच्या चौकटीला एकच उंची. देवीचं देऊळ मावेल एवढा माथा त्यात कुठला सापडायला? कोकणकड्याचा उभा कातळ तर चक्क उतार होऊन बसतो. म्हणून कड्याजवळची वाट आम्ही संगणकाला काढू देत नाही. कुणीतरी चालून आणलेला जीपीएस ट्रॅकच लावतो.

पुढे डिसेंबर 2020 मध्ये मॅपबॉक्सने नकाशा दाखवणाऱ्या आपल्या लायब्ररीचा (तयार कोडचा) खुला परवाना बदलून बंदिस्त केला. लोकांनी आधीची खुली आवृत्ती उचलून ‘मॅपलिब्रे’ सुरू केलं, आम्हीही तिकडेच गेलो. कंपनीचं ब्रीद काहीही असो, मी हल्ली आधी परवान्याची फाइल उघडतो.

सह्याद्रीपुरत्या टाइल्स आता आमच्याच सर्व्हरवर आहेत. त्याचं भाडं ट्रेकच्या वर्गणीतून जातं आणि खजिनदार दर पावसाळ्यात विचारतो, गुगल मॅप असताना हे कशाला?